परस्पर वजा

पगाराआधी पैसे उचलण्याची कला जुन्नर-आंबेगावला मोबाइलने शिकवली, असं कुणाला वाटत असेल तर तो माणूस नक्की बाहेरगावचा. आमच्याकडे उचल फार जुनी. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन कारखान्यांच्या उसावर बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, त्या मुकादमाची उचल अंगावर घेऊनच. कोयता उसाला लागायच्या आधीच पैसे खर्च झालेले असतात : लग्नात, दवाखान्यात, नाहीतर मागच्या वर्षीची उचल फेडण्यात. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि पाडव्याच्या सुमाराला गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तिथे राजाचं काम करणाऱ्याने फडमालकाची उचल घेतलेली असते आणि फडमालकाने आणखी कुणाची. वगातला राजा हात सैल सोडून खजिना वाटत असतो, त्या वेळी पडद्यामागे सगळेच एकमेकांचं देणं लागत असतात. पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात हिरडा गोळा करणारी माणसं. त्यांच्या घरातलं धान्य ऐन पावसाळ्यात संपायचं, म्हणून सरकारने खावटी सुरू केली. सरकारी उचलच ती. फक्त ती हातात पडेपर्यंत पावसाळाही संपायचा.

या सगळ्या उचलींत एक गोष्ट पक्की होती. देणाऱ्याला घेणाऱ्याचं घर माहीत असायचं आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचं तोंड. तोंड चुकवायचं तरी आधी ते ओळखीचं असावं लागतं.

आता उचल घेणारं पोरगं वेगळं आहे. ते पहाटे कंपनीच्या बसने चाकणला नाहीतर रांजणगावला जातं. कामाला कंपनीत, पण पगाराला कंत्राटदाराकडे. पगार १० तारखेला. १० तारखेला म्हणजे १० ते १७च्या मध्ये, कंत्राटदाराला आठवण होईल तेव्हा. गाडीचा हप्ता मात्र ५ तारखेला, आणि हप्त्याला कधीच विसर पडत नाही. या ५ आणि १० तारखेच्या मधल्या खिंडीत एक अख्खा धंदा उभा राहिला आहे.

तसं पाहिलं तर आमच्याकडे पतसंस्थांना तोटा नाही. पेठेतून चालत निघालात तर चहाच्या टपऱ्या आधी संपतील. पण पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात, आणि जामीनदार मिळवणं म्हणजे माणसाची खरी पत कळण्याची वेळ. एरवी ‘कधीही हाक मार’ म्हणणारे आपण कागद घेऊन दारात दिसलो की चहा ठेवायचा की कडी लावायची, या पेचात पडतात. ‘तुला नाही म्हणत नाही, पण मी आधीच भाच्याला राहिलोय,’ हे वाक्य या दोन तालुक्यांत इतक्या वेळा बोललं गेलंय की प्रत्येक घरात किमान एक भाचा कर्जबाजारी असलाच पाहिजे.

मोबाइलवर कर्ज देणाऱ्या ॲपला यातलं काही लागत नाही. ना सातबारा, ना जामीनदार, ना चेअरमनच्या घरी दोन खेपा. रात्री साडेअकराला आधारचा फोटो काढा, स्वतःचा फोटो काढा, ‘अलाऊ’ म्हणून येईल तिथे बोट दाबत राहा. सात मिनिटांत पैसे. आईबापांनी इतका विश्वास कधी टाकला नव्हता, त्यामुळे पोरगं भारावून जातं आणि हिशेब करायचा राहून जातो. तो हिशेब असा : मागितले ५,००० रुपये. प्रोसेसिंग, सर्व्हिस आणि कसलंकसलं कापून हातात आले ३,५००. सात दिवसांनी भरायचे पूर्ण ५,०००. म्हणजे आठवड्याला जवळजवळ ४३ टक्के. वर्षाचा दर काढला तर दोन हजार दोनशे टक्क्यांच्या वर. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. त्या नियमाला इथे तिसऱ्या आठवड्यातच घाम फुटतो. चक्रवाढीने डोक्यावर बसणारे जुने सावकार हे आकडे ऐकून टोपी काढून उभे राहिले असते.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ साली मोजणी केली, तेव्हा अशी कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप सापडली आणि त्यातली ६०० बेकायदा निघाली. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही मिळून तेवढी गावं नाहीत.

आता ‘जामीनदार नको’ याचा अर्थ. तो आठव्या दिवशी कळतो. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात; ॲपला मोबाइलमधले चारशेच्या चारशे नंबर जामीनदार म्हणून चालतात. त्या रात्री ‘अलाऊ’वर बोट दाबलं तेव्हा आपण वायरमन, टोमॅटोचा आडत्या, शाळेतले गुरुजी, पोल्ट्रीच्या खाद्याचा सेल्समन आणि होऊ घातलेले सासरे या सगळ्यांच्या सह्या त्यांना न विचारता करून दिलेल्या असतात.

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका पोराचं असंच झालं. हप्ता थकला, पोराने फोन बंद केला आणि कांद्याच्या बराखीत जाऊन बसला. वसुलीवाल्याने यादी उघडली. आता आमच्या भागात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये वनखात्याचा एक नंबर असतोच. उसात बिबट्याची पिल्लं सापडली, वासरू गेलं, की तो लावायचा. या पोराने तो ‘बिबट्या साहेब’ या नावाने ठेवला होता. वसुलीवाला दिल्लीचा की कुठला, त्याला वाटलं हे कुणीतरी वजनदार आडनाव असणार. रात्री दहाला त्याने फोन लावला. पुढचं संभाषण मी खुद्द वनरक्षकाकडून ऐकलं आहे, आणि तो दर वेळी सांगताना त्यात थोडी भर घालतो, हे आधीच कबूल करतो.

“बिबट्या साहब बोल रहे हैं?”

“हां, बोलतोय. कुठनं बोलताय?”

“आपके गाँव से एक भागा हुआ है. तीन दिन से छुपा बैठा है.”

“छुपा है तो जवळ जाऊ नका. फटाके वाजवा. उसात है क्या?”

“साहब, उसने हमारा पाँच हजार का नुकसान किया है.”

“शेळी का? पंचनामा होईल, नुकसानभरपाई मिळेल. पण ओढून नेलेली जागा दाखवावी लागती. वय क्या होगा अंदाजे?”

“पच्चीस साल.”

“पंचवीस? एवढा जगत नाही वो.”

पलीकडे थोडी शांतता. मग आवाज चढवून, “देखिए, हम उसको छोड़ेंगे नहीं!”

“छोडना मत. सोडायचं काम आमचंय, त्याला वरून परवानगी लागती. पहिले पिंजरा लावू, मग माणिकडोहला नेऊ.”

वसुलीवाल्याने फोन ठेवला. इतकी तयारीची माणसं त्याला यादीत दुसरी कुठे भेटली नसावीत. इकडे वनरक्षकाने मात्र कर्तव्य म्हणून पोलीस पाटलाला कळवलं. वस्तीवर बॅटऱ्या, काठ्या, डबे वाजवणं सुरू झालं आणि चार पोरांनी बराखीवर उजेड टाकला तेव्हा आतून केविलवाणा आवाज आला, “देतो ना रे, पगार झाला की देतो!”

हे हसण्यावारी गेलं, कारण फोन वनरक्षकाला गेला. सासऱ्यांना गेलेल्या फोनवर कुणी हसलं नाही. सोयरीक मोडता मोडता राहिली. आणि याच फोनांपायी, फोटोंची विटंबना करून पाठवण्यापायी, देशात कितीतरी जणांनी जीव दिले आहेत. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला नियम काढले : कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात, खरा वार्षिक दर आधी लेखी सांगायचा, आणि मोबाइलमधले नंबर नि फोटो यांना हात लावायचा नाही. नियम चांगले आहेत. पण जी ॲपं मुळातच बेकायदा आहेत, ती रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं कितपत मन लावून वाचत असतील याची शंका येते.

याच पुणे जिल्ह्यात १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना पैसे नको होते, रोखे हवे होते. कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली. लोण पुणे नि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारीतून दिलासा देणारा कायदा झाला. त्या लोकांची एक सोय होती : कागद एका पेटीत, पेटी एका घरात, घर वेशीच्या आत. आपण काय जाळणार? रोखा कुठल्या देशातल्या कुठल्या संगणकात आहे ते ठाऊक नाही. मोबाइल जाळावा, तर त्याचेच सहा हप्ते बाकी.

हे झालं अनोळखी लुटारूंचं. आता ओळखीच्या ठिकाणी, म्हणजे बँकेत येऊ.

गाडीचा ५ तारखेचा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला, की बँक त्याबद्दल ५०० रुपये आकार लावते आणि वर १८ टक्के जीएसटी. एकूण ५९०. या मागची विचारसरणी मला फार आवडते. तुमच्याकडे पैसे नाहीत ना? मग त्याचे पैसे द्या. तेही नसतील तर बँक थांबते. बिचारी घाई करत नाही. पगार जमा झाला, की माणूस एटीएमपर्यंत पोचायच्या आत ५९० वळते करून घेते. दरम्यान हप्तेवाल्याने ७ तारखेला पुन्हा हप्ता लावून पाहिलेला असतो. पुन्हा ५९०. शिवाय हप्तेवाल्याचा वेगळा दंड. गाडी आहे तिथेच उभी, पण मीटर चालू.

या सगळ्याची नोंद पासबुकात असते, फक्त ती वाचायला माणूस लागतो. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर नाना आहेत. त्यांच्या ओट्यावर रविवारी पासबुकं घेऊन माणसं बसतात, आणि नाना चष्मा कपाळावर ढकलून पत्रिका पाहावी तसे घराघरांतून फिरतात. “हे एनएसीएच डीआर म्हणजे हप्ता गेला. हे आरटीएन म्हणजे गेला नाही, पण दंड गेला. हे ४३६ म्हणजे तुमचा जीवनविमा, हे २० रुपये अपघाताचा.” माणूस चमकतो. आपला विमा उतरवला आहे, ही शुभवार्ता त्याला नानांकडूनच कळते. “मी कधी काढला?” “खातं उघडताना दहा ठिकाणी सह्या केल्या होत्यास ना, त्यातली एक.” विमा चांगलाच आहे, स्वस्तही आहे, पण आपण मेल्यावर बायकोला दोन लाख मिळणार, ही गोष्ट निदान बायकोला तरी माहीत असावी की नाही?

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणींच्या खात्यात रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये आले. बऱ्याच जणींची खाती वर्षानुवर्षं निजलेली. किमान शिल्लक नाही, आकार साचलेला. पैसे येताच काही बँकांनी जुनी बाकी कापून घेतली. बहिणीने राखी आणायच्या आधीच ओवाळणी परत. शेवटी सरकारला सांगावं लागलं, की या पैशांतून काही कापू नका. नानांच्या ओट्यावर त्या रविवारी बायकांचीच गर्दी होती आणि नाना पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर ठेवून, खाली मान घालून बसले होते.

पण या साऱ्यावर कडी केली ती डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका आजींनी. त्यांच्या खात्यातून एका दिवशी दहा हजार रुपये गेले. आधार आणि अंगठा वापरून, कुठल्याशा परराज्यातल्या मशीनवर. आजी एसटीने तालुक्याच्या गावी आल्या, बँकेत गेल्या. मी माझ्या कामाने तिथे रांगेत होतो. रांग हलत नव्हती, त्यामुळे सगळं नीट बघायला मिळालं.

“आजी, हे तुम्हीच काढलेत. अंगठा लागलाय,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

“माझा अंगठा हितं हाय की,” आजींनी हात पुढे केला. “त्यो मला सोडून कुटं जातोय?”

“मशीन खोटं बोलत नाही, आजी.”

“मंग इचार त्याला.”

मुलाने मशीन पुढे केलं. आजींनी अंगठा टेकवला. लाल दिवा. पुसून टेकवला. लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं बोट. मशीनला एकही पटेना. जन्मभर भात लावून नि हिरडा फोडून त्या बोटांवरच्या रेघा केव्हाच झिजल्या होत्या. मुलगा सवयीने बोलून गेला, “तुमचा अंगठा चालतच नाही हो, आजी. मागच्या वेळीपण असंच झालं होतं.”

आजींनी पदर खांद्यावर घेतला. “माझ्या हाताचा चालत नाय. मंग त्या दिशी कुणाच्या हाताचा चालला?”

रांगेतून कुणीतरी “बरोबर!” म्हणालं. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. आले म्हणजे दारापर्यंत.

पैसे जाताना न जुळणारा अंगठा पुरला होता. परत मागायला मात्र अर्ज, आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, अंगठ्यापुढे दोन साक्षीदार आणि ते साक्षीदार याच शाखेचे खातेदार. मी एक झालो. माझी सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेना. तो नमुना मी कॉलेजात असतानाचा, तेव्हा मला पुढे कुणीतरी होण्याची आशा होती आणि सहीला तसं शेपूट होतं. ते आता यायचं कुठून? तीनदा करून घेतली. मागे एक टोमॅटोवाला म्हणाला, “चोराची सही विचारली का हो तुम्ही?”

बँकेचा शिपाई चहाचे कप उचलत होता. तो आजींच्या कानाशी हळूच बोलला, “पोचपावतीवर शिक्का आन् तारीख घेतल्याबिगर हलू नका.” सगळ्या शाखेत रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम पाठ असलेला तो एकटाच निघाला. चूक ना बँकेची ना आपली, मधेच कुणी पैसे पळवले, आणि बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर खातेदाराचं नुकसान शून्य. तक्रारीनंतर कामाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि खातेदाराचा दोष होता हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. सहकारी बँकांनाही त्याच वर्षाच्या डिसेंबरात हाच नियम लागू झाला.

“मेसेज कधी आला होता?” साहेबांनी विचारलं.

मेसेज गेला होता. पण आजींच्या खात्याला जो नंबर जोडलेला, तो फोन दोन वर्षांपूर्वी विहिरीत पडला. बँक दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे कापून त्या विहिरीला इमानेइतबारे मेसेज पाठवत होती.

१९३० वर फोन लावला, सायबर तक्रार झाली. आधारचं बायोमेट्रिक मोबाइलवरून कुलूपबंद करता येतं, तेही नातवाने करून दिलं. “आता तुझा अंगठा कुठंच चालणार नाही,” तो म्हणाला. आजी म्हणाल्या, “आधी तरी कुटं चालत व्हता?” दहा दिवस झाले, बँकेचे दहा दिवस कंत्राटदाराच्या १० तारखेसारखेच निघाले. ३० दिवस उत्तर नाही म्हटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार गेली. तिला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मग काय चक्रं फिरली कुणास ठाऊक. पैसे परत आले. दहा हजार पूर्ण, आणि त्याच आठवड्यात १७ रुपये ७० पैसे वजा.

आजींनी खातं बंद पडणार नाही एवढे पैसे ठेवले, बाकीचे काढले आणि वाडीतल्या बायकांच्या भिशीत टाकले. भिशीची वही अंगणवाडीच्या ताई लिहितात, पण पेटीची किल्ली आजींच्या कमरेला. पेटीतून बाहेरच्या कुणाला पैसे देतात असं कळल्यावर एक माणूस डिंभ्याच्या वरच्या अंगाला मोटारसायकलवर पोचला. तोच शिपाई. तोही बँकेचा नव्हेच, कंत्राटदाराचा. पगार १० तारखेला, हप्ता ५ तारखेला. दोन हजार पाहिजे होते.

“जामीनदार?” आजींनी विचारलं.

त्याने चिठ्ठी पुढे केली. काउंटरवरच्या मुलाची सही होती. आजींना वाचता येत नाही. त्यांनी पिशवीतून स्वतःची शिक्का मारलेली पोचपावती काढली. तीही त्याच मुलाने सही करून दिलेली. दोन्ही कागद उन्हात शेजारी धरले आणि बराच वेळ निरखले.

“हिचं शेपूट वर गेलंय,” त्या म्हणाल्या, “आन् हिचं खाली. जुळत न्हाय. उद्या ये बाबा, जेवनाच्या सुट्टीनंतर.”